किक बरोबर बसते, मग माणूस पडतो का? तोल आणि ढबीच्या या चुका टाळा

दुसरी फेरी, शेवटची पंधरा-वीस सेकंदं. आपल्या खेळाडूने बॅक किक मारली, टाच नेमकी चेस्ट गार्डवर बसली, फलकावर गुण चढले. आणि पुढच्याच क्षणी गडी स्वतःच मॅटवर बसलेला. तायक्वांदोत पडलं की गम-जम, म्हणजे समोरच्याला फुकटचा एक गुण. कोपऱ्यातून प्रशिक्षक ओरडतायत, "अरे, तोल सांभाळ, तोल!"

ही ओरड मी खेळाडू असताना ऐकली आणि प्रशिक्षक झाल्यावर कितीतरी वर्षं स्वतः मारली. उपयोग शून्य. आपण पडतोय हे पडणाऱ्याला कळलेलंच असतं. का पडतोय, ते त्याला कुणी सांगत नाही. टेकलेला पाय वळला नाही, डोकं मागे गेलं, की मारलेली किक परत ओढलीच नाही? पुढे ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त मी आधी स्वतः केल्या आणि नंतर मुलांकडून करून घेतल्या.

आधी एक गैरसमज. तोल चांगला म्हणजे माणूस खांबासारखा उभा राहतो, असं आपण धरून चालतो. पण अगदी शांत उभे असतानाही आपण सतत थोडे डुलत असतो. पोटऱ्या आणि घोटे अखंड बारीक दुरुस्त्या करत असतात. शरीराचा गुरुत्वमध्य ताठ उभं असताना साधारण बेंबीच्या खाली, कमरेच्या आत, त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या समोर असतो. तो पायांनी व्यापलेल्या जागेच्या वर आहे तोवर आपण उभे. झुंजीत मात्र प्रत्येक किक, प्रत्येक शिरकाव, प्रत्येक फेक म्हणजे तो मध्य मुद्दाम त्या जागेबाहेर टाकणं असतं. तेव्हा तोल चांगला कुणाचा? ज्याला तो परत लवकर मिळतो त्याचा. सरावाच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

बोर्डावर उभं राहून तोल कमावणं

वॉबल बोर्ड (डुलणारी फळी) आला, बोसू बॉल (अर्धगोल फुगीर चेंडू) आला, आणि वॉर्मअपनंतर पंधरा मिनिटं त्यावर उभं राहणं हा नियमच होऊन बसला. मुलं तीन आठवड्यांत त्यात तरबेज होतात. एका पायावर उभे राहून चेंडू झेलतात, डोळे मिटतात, फोटो काढतात. मग स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या झुंजीत, तसेच पडतात.

कारण सरळ आहे. तोल हे एकच एक सर्वसाधारण कौशल्य नाही. ज्या कामाचा सराव करावा त्याच कामात तो सुधारतो आणि दुसऱ्या कामात फारच थोडा उतरतो, असं तोलाच्या सरावावरच्या अभ्यासांतून वारंवार दिसलंय. बोर्डावर उभं राहिलं की बोर्डावर उभं राहणं सुधारतं. शिवाय डळमळत्या पृष्ठभागावर पाय पूर्ण जोर लावू शकत नाही, त्यामुळे तिथे मारलेली किक ही किक नसतेच.

घोटा मुरगळून बरा होत असताना बोर्डाला खरोखर जागा आहे, त्यावर वाद नाही. पण धडधाकट खेळाडूची तीच पंधरा मिनिटं मी आता अशी घालवतो: किक मारायची आणि जोडीदाराने ती पकडायची. पकडलेला पाय तो हवा तसा ओढेल, वर उचलेल, बाजूला नेईल. उड्या मारत, टेकलेला पाय वळवत आपण उभं राहायचं आणि पाय सोडवून घ्यायचा. किंवा किक मारून पाय खाली न टेकवता तसाच वर घेऊन थांबायचं, आणि जोडीदार सांगेल त्या दिशेला टेकवायचा. पुढे, मागे, आडवा. दिशा आधीच ठरली असेल तर यात काही राम नाही. पाय वर असताना ती ऐकू आली पाहिजे.

धक्का कधी येणार हे आधीच सांगणं

"एक, दोन, तीन" म्हणून ढकलायचं आणि समोरचा हलला नाही की शाबासकी द्यायची. मोठ्या हौसेने केला जाणारा आणि जवळजवळ वाया जाणारा सराव.

आपण हात झटकन पुढे उचलतो तेव्हा हात हलायच्या आधीच पोटरीचे आणि मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू कामाला लागलेले असतात. येणारा धक्का ठाऊक असेल तर शरीर अशी आगाऊ तजवीज करून ठेवतं. अवचित धक्क्याला मात्र वेगळी यंत्रणा उत्तर देते. धक्का लागल्यापासून साधारण १०० मिलिसेकंदांत घोट्याभोवतीचे स्नायू सावरायला लागतात. डोळ्यांनी बघून, ठरवून हालचाल करायला साधारण त्याच्या दुप्पट वेळ जातो. सामन्यात दोन्ही लागतात. पण "एक, दोन, तीन" करणारे पहिलीच घासत बसतात.

सावरण्याचे प्रकारही वेगवेगळे. हलका धक्का घोटा जिरवतो. जरा मोठा असला, किंवा पाय टेकायला जागा अरुंद असली, की कमरेतून वाकून खुबा सावरतो. (घोट्याची आणि खुब्याची ही विभागणी होराक आणि नॅशनर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये मांडली.) त्याहून मोठा धक्का आला की पाऊल टाकावंच लागतं. आणि इथे आपण मुलांना वाईट सवय लावतो. पाऊल टाकलं की "हललास!" म्हणून ओरडतो. मग सामन्यातही पोरगं पाऊल न टाकता कमरेतून वाकत वाकत खाली जातं. अरे बाबा, टाक ना पाऊल! चांगल्या जागी, चटकन टाकलेलं एक पाऊल म्हणजे सावरण्यातली हार कशी? माझ्याकडे आता उलट नियम आहे: मोठ्या धक्क्याला एकच पाऊल, आणि पाय टेकताक्षणी पवित्रा तयार. दोन पावलं लागली तर पुन्हा.

डोळ्यांवर सगळा भार

तोल तीन वाटांनी कळतो. डोळे, आतला कान, आणि स्नायू-सांधे-तळव्यांतून येणारी जाणीव. आरशासमोर वर्षानुवर्षं सराव करणारा खेळाडू नकळत डोळ्यांवर विसंबायला लागतो. आरसा फॉर्म सुधारायला चांगला. पण सामन्यात समोर आरसा नसतो, समोरचा माणूस हलत असतो आणि क्लिंचमध्ये (एकमेकांना धरलेलं असताना) तर कपाळाला कपाळ लागलेलं असतं; दिसतंय काय?

२००२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ज्युदोका आणि नर्तक यांच्या तोलाची तुलना केली होती. डोळे उघडे असताना दोन्ही गट सामान्य माणसांपेक्षा सरस. डोळे मिटल्यावर ज्युदोका सरसच राहिले, नर्तकांची आघाडी मात्र गेली. ज्युदोत समोरच्याचं वजन, ओढ, रोख हे सगळं गीवर (ज्युदोच्या जाड पोशाखावर) धरलेल्या हातांतून आणि अनवाणी तळव्यांतून कळतं, म्हणून असं होत असावं. किक मारणाऱ्यांनी यातून उचलण्यासारखं बरंच आहे.

तपासायचं असेल तर एक पाऊल दुसऱ्याच्या अगदी पुढे, टाच अंगठ्याला चिकटलेली, हात कमरेवर, डोळे बंद, २० सेकंदं. जे पोरगं एका पायावर किक मारून पुतळ्यासारखं थांबतं तेच इथे पाचव्या सेकंदाला डुगडुगायला लागतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सरावासाठी डोळे मिटून पकडीची लढत करा: जोडीदाराचे दंड किंवा खांदे धरून, फेक न मारता, फक्त एकमेकांचं पाऊल हलवायचं. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन मिनिटं पुरे. मॅटवर करा, आजूबाजूला कुणी नसताना करा, आणि डोळे मिटून उड्या किंवा फिरत्या किक करायचा वेडेपणा नको.

गिरक्यांचं थोडं वेगळं आहे. आतल्या कानात एकमेकींशी साधारण काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव. डोकं फिरायचं थांबलं तरी तो द्रव थोडा वेळ चालत राहतो, म्हणून लागोपाठ गिरक्या घेतल्यावर जग उलटं फिरताना दिसतं. सामन्यातल्या एका स्पिनिंग हुकला (गिरकी घेऊन मारलेल्या किकला) याचा फारसा त्रास होत नाही. तिथला प्रश्न असतो तो डोकं उशिरा येण्याचा. खांदे फिरले, कंबर फिरली, किक सुटली आणि डोळ्यांना लक्ष्य मग सापडलं, तर पाय कुठे टेकायचा हे ठरवायला माहितीच नाही. डोकं शेवटी सोडायचं आणि सगळ्यांत आधी पोचवायचं. नर्तकही गिरकीत हेच करतात.

पवित्रा: दोरीवर उभं राहणं

ही चूक दिसायला लहान आणि दुरुस्त करायला सोपी आहे, म्हणून लवकर उरकतो. पुढचा आणि मागचा पाय एकाच रेषेत आले की पुढे-मागे तोल भरपूर, आडवा मात्र शून्य. समोरच्याने कोनातून येऊन खांद्याला नुसतं हात लावला तरी पाय एकमेकांत अडकतात. मॅटवर एक चिकटपट्टी लावा. पुढचा पाय पट्टीच्या एका बाजूला, मागचा दुसऱ्या बाजूला. हालचाल करून थांबल्यावर प्रत्येक वेळी तसंच यायला हवं. दमल्यावर मागचा पाय हळूहळू पट्टीवर सरकायला लागतो. नेमका तेव्हा बघा.

याच्या अगदी उलटी चूक कराटेतून आलेल्यांची. झेनकुत्सू-दाची या पवित्र्यात पुढच्या पायावर साधारण ६० टक्के भार, कोकुत्सू-दाचीत मागच्यावर साधारण ७०, हे प्रमाण काटासाठी (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेसाठी) घोटलेलं असतं आणि तिथे ते हवंच. पण तोच लांबलचक, खोल पवित्रा कुमितेत, म्हणजे झुंजीत, घेतला की पाय उचलायच्या आधी भार सरकवायला वेळ जातो. समोरचा तेवढ्यात पुढचा पाय झाडतो. पडलेल्यावर लगेच बसलेलं तंत्र म्हणजे इप्पॉन, तीन गुण. रुंद पाया जास्त स्थिर हे बरोबर, पण स्थिर आणि जागेवर खिळलेला यात फरक आहे.

टेकलेला पाय

सगळे हवेतल्या पायाकडे बघतात. खेळाडू, पालक, व्हिडिओ काढणारा मित्र, सगळे. किक बिघडते ती बहुधा खालच्या पायात.

राउंडहाउस (बाजूने वळवून मारायची किक) घ्या. कंबर पूर्ण उलगडायची तर टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेने वळायला हवी. ती वळली नाही की खुबा अर्ध्यावर अडतो, उरलेली गिरकी गुडघ्यातून काढली जाते आणि धड भरपाई म्हणून मागे झुकतं. बाहेरून दिसतं ते एवढंच की पोरगं किक मारून मागे पडलं. प्रशिक्षक म्हणतो, "मागे झुकू नकोस." ते बिचारं झुकणं टाळतं, किक खाली येते, दोघंही वैतागतात. मूळ टाचेत होतं. त्यातून गुडघ्याला रोज पीळ बसत राहतो तो वेगळाच.

एका मुलीबरोबर मी हे तीन महिने भोगलंय. तिची उंच किक सुरेख, पण प्रत्येक तिसऱ्या किकला मागे लडबडायची. शेवटी एकदा मॅटवर टेकलेल्या पायाच्या टाचेमागे खडूने रेघ मारली आणि मोबाइल जमिनीवर ठेवून स्लो मोशनमध्ये फक्त पाऊल टिपलं.

"सर, माझी टाच तर वळलीच नाही!"

"आधी नाही वळली. नीट बघ, कधी वळली?"

तिने तीनदा मागे नेऊन बघितलं. "पाय लागल्यानंतर."

झालं. टाच वळत होती, पण किक लागून गेल्यावर, उरलेल्या वेगाने. म्हणजे पडता पडता. उपायही तिनेच सुचवला: आधी चवड्यावर येऊन टाच वळवायची, मग गुडघा उचलायचा, असं तुकड्या-तुकड्यांत, भिंतीला हात लावून. दोन आठवडे ती किक कुरूप दिसली. पुढे तुकडे जुळले.

टेकलेल्या पायात आणखी तीन ठिकाणी गडबड होते. पहिली तळव्याची. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन ठिकाणी भार हवा. वळताना चवडा, थांबल्यावर तिन्ही. घाबरलेला खेळाडू बोटं मुडपून मॅट पकडायला जातो, त्याने पाया वाढायच्या ऐवजी लहान होतो. दुसरी गुडघ्याची. तो कुलूप लावल्यासारखा ताठ असेल तर धक्का जिरवायला काही उरत नाही. आत झुकत असेल तर खुब्याच्या बाजूचे स्नायू कच्चे आहेत का ते बघा. तिसरी घोट्याच्या लवचिकतेची. भिंतीसमोर अंगठा साधारण १० सेंटिमीटर लांब ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? एका पायाचा लागतो आणि दुसऱ्याचा नाही, असं जुन्या मुरगळीनंतर हमखास दिसतं, आणि खेळाडूला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

मारलेला पाय परत ओढून घेणं हाही खालच्या पायाचाच विषय आहे. हिकिआशी म्हणा, रिचेंबर म्हणा. ताणलेला पाय तसाच खाली पडू दिला तर त्याच्या वजनामागे धड जातं आणि पाय नको तिथे टेकतो. आधी गुडघ्यातून दुमडा, मग हव्या त्या जागी ठेवा. पॅडवर मारताना ही चूक लपते, कारण पॅड किक थांबवतो. म्हणून काही किक हवेत मारून बघा. हवेत मारून जो सरळ उभा राहतो, त्याची सामन्यात किक हुकली तरी तो पडत नाही. आणि सामन्यात निम्म्या किक हुकतच असतात!

डोकं खाली गेलं की सगळं गेलं

माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मानेच्या टोकावर टांगलेलं हे वजन चार बोटं पुढे गेलं तरी खाली पोटऱ्या ताणतात. पकडीच्या खेळांत खाली जायचं म्हणजे गुडघ्यातून जायचं, हे सगळ्यांना पाठ असतं; दम लागला की सगळे कमरेतून वाकतात. मग पट काढायला गेलेल्या पैलवानाची मान वरून दाबली जाते आणि तो हातांवर येतो. ज्युदोत तर वाकून बचाव करत राहणाऱ्याला शिदो (दंड) मिळतो तो वेगळा.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो उभारला तेव्हापासून फेकीचं तंत्र तीन पायऱ्यांत शिकवलं जातं: कुझुशी म्हणजे तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे जागा घेणं, काके म्हणजे फेक. कुझुशीच्या आठ दिशा. आपल्याकडे त्या आठ दिशा समोरच्यावर वापरायला शिकवतात. स्वतःवर मात्र कुणी तपासत नाही. जोडीदाराला सांगा, मला आठही दिशांना हळूहळू ओढ, आणि पाऊल कुठे निघतं ते बघ. प्रत्येकाच्या एक-दोन दिशा अगदी पोकळ निघतात. माझी डाव्या मागच्या कोपऱ्याची होती, आणि मला ती माझ्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सात-आठ वर्षांनी उशिरा कळली.

अंग आवळणं आणि चुकीच्या सूचना

तोल जाईल या भीतीने खेळाडू श्वास धरतो, खांदे कानाशी नेतो, पोट आवळतो. आवळलेलं शरीर ओंडक्यासारखं एकसंध पडतं. किक सुटताना श्वास सोडायची जुनी शिकवण या बाबतीतही उपयोगी आहे. आवाज काढायचा असेल तर काढा, पण तो घशातून नको.

सूचनांचं मात्र मला उशिरा उमगलं. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तोल सांभाळायच्या फळीवर एक साधी गोष्ट दाखवली: "आपल्या पायांकडे लक्ष द्या" असं सांगितलेल्यांपेक्षा "पायासमोरच्या खुणांकडे लक्ष द्या" असं सांगितलेल्यांनी ते काम चांगलं आत्मसात केलं. लक्ष शरीराच्या आत वळवलं की आपोआप चालणाऱ्या दुरुस्त्यांमध्ये आपण लुडबुड करतो. म्हणून "घोटा घट्ट ठेव, कंबर सरळ ठेव, गुडघा वाकव" या माझ्या त्रिसूत्रीला मी रजा दिली. आता सांगतो: "मॅट खाली ढकल", "पट्ट्याची गाठ त्याच्याकडे वळव", "पॅडच्या पलीकडची भिंत बघ". तंत्र नव्याने शिकवताना अवयवांची नावं घ्यावीच लागतात. सामन्याच्या कोपऱ्यातून घेऊ नयेत.

दमल्यावरच, किंवा कधीच न दमता

काही जण तोलाचा सराव शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. पोटऱ्या आणि मांड्या थकल्या की डोलणं वाढतं, जाणीव बोथट होते, आणि तुम्ही शिकता ते सावरण्याचं चुकीचं रूप. नवीन काम ताज्या पायांनी, वॉर्मअपनंतर लगेच शिका. याचं दुसरं टोक म्हणजे कायम ताज्या पायांनीच करणं. तिसऱ्या फेरीत ताजे पाय कुठून आणणार? बसलेली हालचाल असेल तर आठवड्यातून एकदा स्पारिंगच्या फेऱ्यांनंतर तीच करून बघा. सराव म्हणून थोडी, तपासणी म्हणून जास्त.

वजन उतरवण्याच्या शेवटच्या दिवसांत पाणी तोडलेल्या, उपाशी खेळाडूकडून फिरत्या किक घोटून घेऊ नका. तेव्हा दिसणारा बिघडलेला तोल तंत्राचा नसतो, आणि पडून होणारी दुखापत मात्र खरी असते.

कुठे पडतो ते बघा

पडण्याची दिशा बरंच काही सांगून जाते. राउंडहाउस हुकल्यावर स्वतःभोवती फिरून पाठ दाखवत असेल, तर किक परत ओढली जात नाही. पुश किक मारून मागे ढकलला जात असेल, तर कंबर किकच्या मागे आलेलीच नाही, नुसता पाय पुढे गेलाय. बॅक किकनंतर बाजूला कलंडत असेल, तर गिरकी जास्त झाली. पाय सरळ मागे न जाता कमानीत फिरला, किंवा खांदे कमरेच्या आधी उघडले. ॲक्स किकला (पाय उंच नेऊन टाच खाली आणायच्या किकला) टाच उचलून पुढे सांडत असेल, तर मांडीची मागची बाजू कमी पडते आणि उंची तो चवड्यावर चढून भागवतोय. उची-मातासारख्या फेकीत एकटाच पुढे कोसळत असेल, तर कुझुशी न करता शिरलाय, किंवा टेकलेला पाय समोरच्यापासून फार लांब पडलाय. वीस वेळा पडू द्या, दिशा लिहून ठेवा. वीसपैकी बारा एकाच दिशेला गेले की काम सापडलं.

मोजमापाचा फाजील विश्वास

फोर्स प्लेटवर (पायांखालचा जोर मोजणाऱ्या पाटावर) डोलणं कमी आलं म्हणून हुरळून जाऊ नका. प्लेट शांत उभं राहणं मोजते. वाय-बॅलन्ससारखी चाचणी जास्त कामाची: एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे आणि मागच्या दोन तिरक्या दिशांना किती लांब जातो ते बघायचं. आकडा केवढा यापेक्षा दोन पायांतला फरक बघा; पुढच्या दिशेत तो ४ सेंटिमीटरहून जास्त असेल तर त्या घोट्याकडे आणि खुब्याकडे वळा. दर सहा-आठ आठवड्यांनी एकदा पुरे.

वाढीच्या वयातल्या मुलांचे आकडे मध्येच घसरतात. हात-पाय झपाट्याने लांबतात, जुना अंदाज चुकायला लागतो. कालपर्यंत छान करणारं पोर आज धडपडतं. ते आळशी झालेलं नसतं. काही महिने उंच आणि फिरत्या किकांचा आग्रह सोडा, साध्या हालचाली चालू ठेवा.

जिथे सराव थांबवायचा

एकदा स्पारिंगमध्ये डोक्यावर किक बसली. मी पडलो नाही, शुद्ध गेली नाही, हसून पुढे खेळलो. दोन दिवसांनी साध्या पुश किकलाही डगमगायला लागलो. मी काय केलं? तोलाचा सराव वाढवला. चार दिवस. डोकं जड, उजेड नकोसा, तरी बोर्डावर उभा. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

डोक्याला मार बसल्यानंतर तोल बिघडणं हे मेंदूला धक्का बसल्याचं नेहमीचं लक्षण आहे आणि त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. मैदानावर डॉक्टर जी तपासणी करतात त्यात तोल असतोच: डोळे मिटून, हात कमरेवर, दोन पायांवर, एका पायावर आणि एकापुढे एक पाऊल ठेवून, प्रत्येकी २० सेकंदं, आणि त्यात किती चुका होतात त्याची मोजणी. हीच तपासणी हंगामाच्या सुरुवातीला सगळे ठणठणीत असताना करून लिहून ठेवली, तर नंतर तुलनेला काहीतरी हाती राहतं. शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. परत येणं पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांनी मोकळं केल्यावरच. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, एका बाजूला कमजोरी यांपैकी काहीही दिसलं तर थेट इस्पितळ.

मार न लागताही तोल अचानक गेला असेल, कूस बदलताना घेरी येत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर तेही कान-नाक-घसा तज्ज्ञाचं काम आहे. आणि घोट्याची मुरगळ सूज उतरली म्हणजे बरी झाली असं धरू नका. दुखणं जातं तेव्हा जाणीव परतलेली असतेच असं नाही, म्हणून तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. डोळे मिटून त्या पायावर उभं राहणं दुसऱ्या पायाइतकं जमेपर्यंत फिरत्या किका त्या पायावर नकोत. बोर्ड बाहेर काढायची वेळ असली तर ती हीच.